घरातील अभ्यासाची जागा



मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या आणि वर्ग एकाएकी घरात आला. घरात मोबाईल आला म्हणजे शिक्षण पोहोचले, असा त्या वेळी अनेकांचा समज झाला होता. ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता, त्यांच्यासाठी २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीची ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. तरीही एक प्रश्न मागे राहिलाच. मुलाने शिकावयास बसावे कोठे?

साथ ओसरली, शाळा पूर्ववत भरू लागल्या, पण हा प्रश्न संपलेला नाही. पाठ्यपुस्तकांतील सांकेतिक चौकोनावरून ‘दीक्षा’चे पाठ उघडतात, ‘स्वयम्’चे अभ्यासक्रम घरबसल्या पुरे करता येतात, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी तर नोकरी व संसार सांभाळून घरीच अभ्यास करतात. म्हणून घरातील अभ्यासाच्या जागेचा विचार गांभीर्याने व्हावयास हवा.

नागपूरचा उन्हाळा आणि अभ्यास

जागा निवडताना स्थानिक हवामानाचे भान ठेवणे अगत्याचे आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पश्चिमेकडील खोली दुपारनंतर तापते. तेव्हा अशा खोलीत अभ्यास सकाळीच उरकणे हितावह. कूलर सुरू असला म्हणजे थंडावा मिळतो खरा, पण त्याच्या घरघरीत शिक्षकांचा आवाज बुडून जातो. मग मूल आवाज वाढवीत जाते आणि कानांवर ताण येतो. मुलाला कूलरपासून थोडे दूर, त्याचा वारा पोहोचेल पण पाण्याचे तुषार वह्यांवर व विजेच्या तारांवर येणार नाहीत, असे बसवावे.

उजेड शक्यतो खिडकीचा असावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास तो डावीकडून मिळावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. खिडकी पाठीमागे असल्यास पडद्यावर तिरीप येते. समोर असल्यास डोळे दिपतात. रात्री खोलीत अंधार करून केवळ पडद्याच्या उजेडात वाचणे टाळावे.

यासाठी महागडे टेबल घेण्याची गरज नाही. जमिनीवर पाठ टेकून बसता येईल अशी भिंत आणि समोर चौरंग एवढे पुरते. मोबाईल हातात धरून मान वाकविण्यापेक्षा तो पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उंचावर ठेवावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट दूर पाहण्याची सवय डोळ्यांना विश्रांती देते.

पडद्यासमोरील वेळेलाही मर्यादा हवी. केंद्र शासनाच्या ‘प्रज्ञाता’ या जुलै २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी आठवीपर्यंत दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोन तासिका आणि नववी ते बारावीसाठी अशाच चार तासिका, यांहून अधिक नकोत असे सुचविले होते. उरलेला वेळ वही, पुस्तक आणि खेळ यांचा आहे.

एका खोलीचे घर

परंतु जेथे एकाच खोलीत स्वयंपाक, निजणे आणि पाहुण्यांची ऊठबस होते, तेथे अभ्यासाचा कोपरा आणावयाचा कोठून? अशा घरात जागेची उणीव वेळेने भरून काढावी लागते. रोजचा एखादा तास ठरवावा, त्या तासात दूरचित्रवाणी बंद राहावी, मोठ्यांनी हळू बोलावे. त्यातही मुलींकडे विशेष लक्ष हवे. भाऊ पुस्तक उघडून बसला तर त्यास कोणी उठवीत नाही. बहिणीला मात्र पाण्यासाठी, धाकट्यासाठी हाक येते. तिचा तास तिचाच राहिला, तरच त्या कोपऱ्याला अर्थ आहे.

एका गावाचा भोंगा

घराला जे एकट्याने साधत नाही, ते गाव साधू शकते. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हे करून दाखविले. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवले जातात. मुले पुस्तके उघडतात. शेजारच्या घरातूनही आवाज येत नसल्यामुळे लहानशा खोलीतही अभ्यास होऊ शकतो. या उपक्रमाला खर्च फारसा नाही. गरज आहे ती गावाच्या एकमताची.

विदर्भास ही रीत परकी वाटू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेने ठरल्या वेळी एकत्र बसण्याचे वळण येथील कित्येक गावांना पूर्वीच लावले आहे. त्याच शिस्तीने अभ्यासाचा तास पाळता येईल. रामटेक, कुही वा भिवापूर तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीने ग्रामसभेत असा ठराव केला, आणि ज्यांच्या घरी जागाच नाही त्यांच्यासाठी समाजमंदिराची वा शाळेची एक खोली संध्याकाळी दिवा व पंख्यासह उघडी ठेवली, तर पुष्कळ काही साधेल. तेथे मुलींच्या जाण्यायेण्याची सोयही पाहावी.

शिक्षकांनी गृहभेटीच्या वेळी गुणांची चौकशी करण्याआधी ‘मूल अभ्यासाला कोठे बसते?’ असे विचारून ती जागा स्वतः पाहावी. एखादे मूल मागे का पडते, याचे उत्तर पुष्कळदा तेथेच सापडेल.