जुलाबातलं रक्त आणि मुलांची मूत्रपिंडं

शिरूर-दौंड भागात घोड-भीमेकाठी पुष्कळ घरांच्या दारात गाईगुरं असतात. गुरांच्या आतड्यात ई. कोलाय जिवाणूची एक घातक जात राहू शकते. गुराला त्रास होत नाही; पण शेणाने दूषित झालेलं पाणी, कच्चं दूध किंवा न धुतलेली भाजी यांतून ती पोटात गेली, की शिगा नावाचं विष सोडते. १८९७ साली आमांशाचा जिवाणू शोधणाऱ्या जपानच्या कियोशी शिगा यांचं हे नाव.

हे विष रक्तातून मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांत पोहोचतं, पेशींत शिरतं आणि त्यांचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. पेशी मरतात, गुठळ्या होतात, रक्त गाळलं जात नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना धोका अधिक. विषावर खात्रीचा उतारा अजून नाही. सलाईन आणि गरज पडल्यास डायालिसिस हाच आधार.

म्हणून दूध उकळा, धार काढल्यावर साबणाने हात धुवा. जुलाबात रक्त हे या विषाचं लक्षण असू शकतं; ते दिसलं, तर जुलाब थांबवणारी गोळी किंवा अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने देऊ नका. त्याने धोका वाढू शकतो. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत लघवी कमी झाली, चेहरा फिकट पडला किंवा सुजला, तर मुलाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.