नाराचा एक दिवस: आजीआजोबा आणि नातवंडांसाठी

 

आपल्यापैकी बऱ्याच घरांत आईवडील भारतातून सहा-सहा महिन्यांसाठी येतात. नातवंडांना शाळेतून आणतात, ट्रेंथमच्या रस्त्यांवर संध्याकाळी फेरी मारतात, आणि हिवाळा सुरू झाला की परत जायचे वेध लागतात. अशा वेळी अलीकडे काही कुटुंबे एक छान गोष्ट करतात. सगळे मिळून निघतात आणि वाटेत चार-पाच दिवस जपानमध्ये थांबतात. मग यादी तयार होते: तोक्यो, बुलेट ट्रेन, मुलांसाठी डिस्नीलँड. यादी लांबली की सगळ्यात आधी काट बसते ती देवळांवर. "देवळं काय, भारतात बघूच की!" असे म्हणून.

आज मला तुम्हाला एवढेच सांगायचे आहे, की एक दिवस नारासाठी ठेवा. तोही गटाने जाऊन. गेल्या वर्षी आम्ही चार कुटुंबे, लहानमोठे मिळून चौदा जण, तिथे जाऊन आलो. त्यावरून सांगते.

नारा ही इ.स. ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी होती. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून किन्तेत्सु कंपनीच्या गाडीने साधारण चाळीस मिनिटे लागतात. स्टेशनच्या बाहेर एक कारंजे आहे आणि त्यावर ग्योकी नावाच्या भिक्षूचा पुतळा आहे. तिथले लोक एकमेकांना भेटायला तिथेच थांबतात. तुमच्या गटाचीही जागा तीच ठरवा. कोणी चुकले तर "ग्योकीपाशी या" एवढे सांगितले की पुरे.

या ग्योकीची गोष्ट मुलांना तिथेच सांगा. इ.स. ७३६ मध्ये भारतातला एक भिक्षू चीनमार्गे समुद्रातून जपानला पोहोचला. त्याचे नाव बोधिसेन. त्याचे स्वागत करायला बंदरावर गेला होता तो हाच ग्योकी. बोधिसेन नारामध्ये राहिला, त्याने तिथल्या भिक्षूंना संस्कृत शिकवले आणि इ.स. ७६० मध्ये तिथेच त्याने देह ठेवला. परत घरी गेला नाही. परदेशात घर केलेल्या आपल्यासारख्यांना हे ऐकून थोडे थांबावेसे वाटते.

आता तोदाइजी. स्टेशनपासून दीड-पावणेदोन किलोमीटर. गुडघे दुखत असतील तर बस घ्या, संकोच करू नका. वाटेत हरणे भेटतील. नाराच्या बागेत हजाराहून जास्त हरणे मोकळी फिरतात. त्यांच्यासाठी तिथेच खास बिस्किटे विकत मिळतात, तेवढीच द्यायची. आपला चिवडा नाही, कागद नाही, प्लॅस्टिकची पिशवी तर मुळीच नाही. पिशव्या गिळून हरणे मेलेली आहेत. शरद ऋतूत, म्हणजे आपल्याकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत गेलात, तर नर चिडके असतात. लहान मुलांचा हात सोडू नका.

देवळाच्या दक्षिण दरवाजात दोन प्रचंड लाकडी द्वारपाल उभे आहेत. इ.स. १२०३ मध्ये घडवलेले, आठ मीटरपेक्षा उंच. एकाचे तोंड उघडे, दुसऱ्याचे मिटलेले. उघड्या तोंडातून 'अ', मिटलेल्यातून 'हूं'. जपानी लोक या जोडीला 'आ-उन' म्हणतात. ही अक्षरे संस्कृतातून गेली. शनिवारी मराठी शाळेला जायला कुरकुर करणाऱ्या मुलांना इथे आणखी एक गंमत दाखवा. जपानी वर्णमालेचा क्रम असा आहे: आ, इ, उ, ए, ओ. आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेच्या किती जवळचा! संस्कृत शिकणाऱ्या तिथल्या भिक्षूंकडून तो रुळला. आमच्या गटातल्या नऊ वर्षांच्या मुलाने दोन्ही वर्णमाला एकामागून एक म्हणून दाखवल्या, तेव्हा त्याची आजी किती खूश झाली म्हणून सांगू!

आत महाबुद्ध बसले आहेत. वैरोचन बुद्ध, पंधरा मीटर उंचीचे, ब्राँझचे. इ.स. ७५२ मध्ये मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला आणि तो केला बोधिसेनाने. डोळे रंगवायच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या. जमलेल्या लोकांनी त्या दोऱ्या हातात धरल्या, म्हणजे डोळे उघडण्याचे पुण्य सगळ्यांना मिळाले. तो कुंचला आणि दोरी नारामध्ये आजही जपून ठेवली आहे. देऊळ मात्र दोनदा युद्धात जळाले, ११८० मध्ये आणि १५६७ मध्ये. आजची इमारत १७०९ सालची आहे, आणि मूळच्यापेक्षा ती रुंदीला लहान आहे.

दालनाबाहेर, दाराच्या उजव्या हाताला, लाल वस्त्र पांघरलेली एक जुनी लाकडी मूर्ती दिसेल. तिला बिंझुरू म्हणतात. हा बुद्धाचा भारतातला शिष्य, पिंडोल भारद्वाज. आपले जे दुखते, मूर्तीचा तोच भाग चोळायचा आणि मग आपला, अशी श्रद्धा आहे. आमच्याबरोबर साताऱ्याकडचे एक आजोबा होते. गोत्र ऐकून म्हणाले, "अरे, हे तर आमचेच!" आणि दोन्ही गुडघे चोळून घेतले. त्यांच्यामागे एक जपानी आजी उभ्या होत्या, त्यांनीही गुडघेच चोळले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघेही हसले.

जेवणाचे आधीच बघा. जपानी रस्सा, नूडल, भाजी, सगळ्यात बहुधा माशाचे पाणी असते. "मांस नको" म्हटले तरी ते असतेच. शाकाहारी मंडळींनी दशम्या आणि सुकी चटणी बरोबर ठेवावी. रस्त्यावर कचऱ्याचे डबे फारसे नसतात, म्हणून एक पिशवी कचऱ्यासाठी.

दुपारनंतर आणखी देवळे करू नका. परतीच्या वाटेवर इकोमा स्टेशन लागते. ताकद असलेल्यांनी तिथे उतरावे. डोंगरावर होझानजी आहे. तिथे जायला केबलने ओढली जाणारी रेल्वे आहे. १९१८ साली सुरू झालेली, जपानमधली अशी पहिली. वर पूजा कोणाची? कांगितेनची. म्हणजे आपल्या गणपतीची! दोन गजमुख देव एकमेकांना मिठी मारून उभे, असे त्याचे रूप. मूर्ती मात्र झाकलेली असते, दर्शन होत नाही. नैवेद्याला पांढरे मुळे आणि तळलेली, वर चुणी बांधलेली गोड पुरचुंडी. आपल्या तळणीच्या मोदकाची बहीणच म्हणा. पायऱ्या पुष्कळ आहेत, हे आजीआजोबांना आधी सांगा. ज्यांना नको त्यांनी सरळ ओसाकाला जावे.

एक कामाची गोष्ट राहिली. नातवंडांचा पासपोर्ट न्यूझीलंडचा असेल तर त्यांना छोट्या सहलीसाठी व्हिसा लागत नाही. आजीआजोबांचा भारताचा असेल तर लागतो. तिकिटे काढण्याआधी जपानच्या वकिलातीकडे विचारा, अर्ज कुठून करायचा तेही विचारा. नाहीतर ऐन वेळी तेच मागे राहतात, आणि सहल मुळात त्यांच्यासाठी असते.

मंडळी, आपण "पुढच्या वर्षी नक्की" असे फार सहज म्हणतो. इतका लांबचा प्रवास आईवडिलांना आणखी किती वेळा झेपेल, हे आपण मोजत नाही, आणि ते स्वतः बोलून दाखवत नाहीत. म्हणून आजच्या जेवणाच्या टेबलावर विषय काढा. त्यांना विचारा, चालवेल का, आवडेल का. "कशाला खर्च?" असे पहिले उत्तर येईल. थोड्या वेळाने पुन्हा विचारा.