ठोके देणारी गाठ



जांघेत गाठ आली की आपल्या घरांतून ती अवधाण ठरते. पायाला कोठे ठेच लागली होती काय, याची विचारपूस होते आणि शेक, लेप, क्वचित मालिश असे उपाय सुरू होतात. पुष्कळदा तो तर्क बरोबरही असतो. परंतु जी गाठ नाडीबरोबर ठोके देते, ती मांडीच्या मोठ्या रोहिणीची भिंत दुर्बल होऊन, जुन्या सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तशी फुगल्यामुळे, म्हणजेच रोहिणीविस्तारामुळे, आलेली असण्याचा संभव असतो. तिला गळू समजून कोणी चीर दिली, तर प्रसंग प्राणावर बेततो.

ही गाठ डॉक्टर बोटांनीच प्रथम ओळखतात. रोहिणीवर नुसती टेकलेली साधी गाठ दोन बाजूंस ठेवलेल्या दोन बोटांना केवळ वर उचलते. रोहिणीविस्तार मात्र प्रत्येक ठोक्यास त्या बोटांना परस्परांपासून दूर लोटतो. पुढची खातरजमा डॉप्लर सोनोग्राफीने होते.

उतारवयातील, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत हा विकार अनेकदा दोन्ही पायांत असतो आणि जोडीला पोटातील महारोहिणीही फुगलेली आढळते. म्हणून एकच मांडी तपासून थांबणे ही हयगय होय. दुसरा प्रकार हृदयाच्या अँजिओग्राफीनंतरचा. जांघेतून घातलेल्या नळीचे छिद्र नीट बुजले नाही, तर रक्त बाहेर येऊन भोवती पोकळी धरते, आणि बोरिवलीस वा मुलुंडास घरी परतलेल्या रुग्णाला जांघेत ठणकणारा फुगवटा हाताला लागतो. अशी लहान पोकळी कित्येकदा आपोआप मिटते. न मिटल्यास सोनोग्राफीत पाहत तीत थ्रॉम्बिनचे इंजेक्शन देतात, आणि थोड्यांनाच शस्त्रक्रिया लागते.

आता पहिल्या प्रकाराच्या उपचाराकडे वळू. 1785 च्या डिसेंबरात लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी गुडघ्यामागे असाच विस्तार झालेल्या एका गाडीवानाची रोहिणी मांडीत बांधली, आणि एरवी कापावा लागला असता तो पाय भोवतालच्या लहान वाहिन्यांच्या आधारावर जगला. आजचे शस्त्रवैद्य, विस्तार त्रास देऊ लागला किंवा सुमारे तीन सेंटिमीटरांपुढे गेला, म्हणजे फुगलेला भाग वगळून तेथे रुग्णाचीच नीला किंवा कृत्रिम नळी जोडतात आणि रक्ताची वाट पूर्ववत करतात.

विस्तार फुटण्याचे भय असतेच. परंतु त्यात साकळलेले रक्त सुटून खाली उतरण्याचे भय त्याहून मोठे. अशा वेळी पाय एकाएकी दुखू लागतो, थंड व पांढरा पडतो, बधिर होतो, आणि तो वाचविण्याची मुदत साधारण सहा तासांची असते. अंधेरी किंवा घाटकोपरहून शहराच्या दुसऱ्या टोकास पोहोचण्यातच त्यातील किती वेळ जातो, हे आपणांस सांगावयास नको. म्हणून सकाळची वाट न पाहता, पाय न चोळता, न शेकता, रुग्णास तत्काळ हलवावे. आणि निघता निघताच, जेथे जावयाचे त्या रुग्णालयात रोहिण्यांच्या शस्त्रक्रियेची तजवीज आहे किंवा कसे, हे घरातील कोणीतरी फोनवर विचारून घ्यावे.