भुईआवळा यकृतापर्यंत पोचतो का?



पावसाळ्यात आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे धानाच्या बांधीत, धुऱ्यावर भुईआवळा उगवतो. वीतभर रोप, पानांच्या खाली ओळीनं लागलेली मोहरीपेक्षा थोडी मोठी फळं. कावीळ झाली की तो वाटून ताकातून द्यायचा, ही रीत जुनीच. 1988 साली मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की भुईआवळ्यानं बऱ्याच रुग्णांच्या रक्तातली हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूची खूण नाहीशी झाली. इतर देशांत मात्र तसा गुण आला नाही.

वनस्पतीतल्या बऱ्याच औषधी द्रव्यांची एक अडचण असते. हळदीतलं कर्क्युमिन घ्या. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे रक्तात थोडंच उतरतं. उतरतं तेही शरीर लगेच बाहेर टाकतं.

यावर शास्त्रज्ञ आपल्याच पेशींची मदत घेत आहेत. पेशी स्निग्ध आवरणाच्या अतिसूक्ष्म पुड्या बाहेर सोडतात, त्या एक्सोसोम. आकार साधारण 30 ते 150 नॅनोमीटर. कर्क्युमिन त्या आवरणात टिकून राहतं, हे 2010 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. शिवाय शिरेतून दिलेले असे कण बरेचसे यकृतातच अडकतात, कारण तिथल्या कुप्फर पेशी रक्त गाळतात. इतर अवयवांच्या औषधांना ही अडचण, यकृताच्या औषधाला मात्र सोय!

पण प्रत्येक खेपेला एकसारख्या पुड्या बनवणं आणि माणसासाठी मात्रा ठरवणं अवघड आहे. तेव्हा यकृतासाठी एक्सोसोमचं इंजेक्शन कोणी विकत असेल, तर घेऊ नका.

मग आज काय करायचं? हिपॅटायटिस ए आणि ईची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, आणि श्रेय मात्र जडीबुटीला मिळतं. बी आणि सी शरीरात मुक्काम ठोकू शकतात. म्हणून डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, की आरोग्य केंद्रात रक्त तपासा. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बी-सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. रोगी बरळू लागला, रक्ताची उलटी झाली किंवा कावीळ गरोदर बाईला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस द्या. मोहाची असो की बाटलीतली, दारू पूर्ण बंद. आणि जडीबुटी घेतली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. रोप हाताशी असेल तर सोबतच घेऊन जा.