गॅस गिझर पेटत नाही तेव्हा

घाटघर-रतनवाडीकडे पावसाची झड लागली की अकोले तालुक्यात गरम पाणी हवंच. जुना गॅस गिझर पेटत नसेल, ठिणगीची टकटकही ऐकू येत नसेल, तर आधी सेल बदला. तरीही शांतच? मग पाण्याचा दाब पाहा. टाकी कमी उंचीवर असली किंवा पाणी आत येतं तिथली जाळी गाळाने भरली, तर गॅसची झडप उघडतच नाही. ठिणगी पडूनही जाळ लागत नसेल, तर सिलिंडर संपला का ते बघा.

ज्योत पिवळी दिसली तर मात्र गिझर लगेच बंद करून मेकॅनिकला बोलवा. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात तो जीव घेतो. म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. गॅसगळती झाल्यास १९०६ वर फोन करा.