ससा सुटला, पुढे काय?

(मलकापूर, ता. कराड येथे बचतगटांतील आणि पार्लरचे काम करणाऱ्या महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी आज गालाच्या लालीवर बोलणार आहे हे कळल्यावर आपल्यातल्या एका ज्येष्ठ ताईंनी मला विचारले, "हुंडा, मारहाण, पोटगी हे सगळे संपले का गं?" प्रश्न रास्त आहे. १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांना मुकुट मिळाले, १९९६ मध्ये बंगलोरला जगत्सुंदरी स्पर्धा भरली, तेव्हा स्त्री-संघटनांनी सौंदर्याच्या बाजाराविरुद्ध आवाज उठवला होता. ती भूमिका मला आजही पटते. पण आगाशिवनगरच्या आमच्या गटातल्या पाच जणी लग्नसराईत नवरीचा मेकअप करून घर चालवतात. त्यांच्या हातातला ब्लश शिवणयंत्रासारखाच आहे. ते पोटापाण्याचे हत्यार आहे, आणि हत्याराची चौकशी करायचा कामगाराला हक्क असतो.

चौकशीला सुरुवात झाली ती गिऱ्हाइकांमुळे. इथल्या नर्सिंगच्या मुली आणि आता नवऱ्या मुलीही विचारू लागल्या, "हे क्रुएल्टी-फ्री आहे ना?" म्हणजे प्राण्यांचे हाल न करता बनवलेले. आमच्या पाच जणींनी तो प्रश्न माझ्याकडे आणला. एम. एस. डब्ल्यू.च्या अभ्यासक्रमात गालाची लाली कुठेच नव्हती! मग आम्ही वर्गणी काढली, दीडशे ते पाचशे रुपयांमधले ब्लश आणि हायलायटरचे सहा पॅलेट आणले, आणि दोन रविवार गटाच्या खोलीत बसून ते वापरून पाहिले.

पाहायची पद्धत साधी होती. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावायचे आणि एक दिवस थांबायचे. खाज, लाली, पुरळ नाही असे दिसले की मगच गालावर. आणि बघायचे ते दारात, उन्हाच्या उजेडात. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली सगळेच रंग शोभतात.

उन्हात जे दिसले ते असे. सहापैकी तीन पॅलेटमधला फिकट गुलाबी ब्लश आमच्यातल्या सावळ्या गालांवर उमटलाच नाही, आणि दोन हायलायटर राख फासल्यासारखे दिसले. विटकरी, जांभळट, गडद कोरल असे रंग मात्र खुलले, आणि ते सर्वांत महागड्या पॅलेटमध्ये नव्हते. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातला 'फेअर' गेला. पण रंग बनवणाऱ्याच्या मनातला गाल अजून गोराच आहे. तेव्हा पैसे देण्याआधी मनगटावर नव्हे, गालावर लावून बघा. दुकानदार कुरकुरला तरी बघा.

आमच्यातल्या एका काकींनी विटकरी रंग लावला, आरशात बराच वेळ पाहिले, आणि घरी जाताना पदराने पुसून टाकला. त्यांना वैधव्य येऊन सात वर्षे झाली. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ राज्य सरकारनेही तसे परिपत्रक काढले. ठराव झाला, परिपत्रक झाले, आणि काकींना अजून गल्लीच्या तोंडाशी गाल पुसावा लागतो. तेव्हा रंग लावणे म्हणजे चंगळवाद, असे सरसकट म्हणताना जरा जपून बोलूया.

आता त्या सशाविषयी. १९४४ मध्ये अमेरिकेत जॉन ड्रेझ यांनी एक चाचणी रूढ केली. सशाला मान हलवता येऊ नये असे अडकवायचे, त्याच्या डोळ्यात रसायन घालायचे आणि डोळा किती बिघडतो ते दिवसेंदिवस नोंदवायचे. १९८० मध्ये हेन्री स्पायरा या न्यूयॉर्कच्या शिक्षकाने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन कंपनीला विचारले, सौंदर्यापायी तुम्ही किती सशांना आंधळे करता? त्याच वर्षाअखेर कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी ७,५०,००० डॉलर जाहीर केले. एका कंपनीला एकच नेमका प्रश्न, ही त्याची रीत आपण उचलण्यासारखी आहे. आपल्याकडेही हा विषय जुना आहे. 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी'चे काम पुण्यात डायना रत्नागर यांनी १९७४ मध्ये सुरू केले.

बऱ्याच जणींना ठाऊक नसते ते पुढचे. मे २०१४ मध्ये भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अशा चाचण्या झालेल्या मालाची आयातही बंद झाली. म्हणजे इथे रीतसर परवान्याने बनणाऱ्या दीडशेच्या पॅलेटलाही हा कायदा लागू आहे. मग सशाचे चित्र छापून जास्त पैसे मागणारा काय विकतो? काही कंपन्या परदेशातही चाचण्या करत नाहीत, कच्च्या मालापर्यंत तपासणी करू देतात. त्यांच्या चित्राला अर्थ आहे. 'लीपिंग बनी' हे १९९६ पासूनचे चिन्ह अशा तपासणीनंतर मिळते. आमच्या सहापैकी एका डबीवर मात्र नुसताच ससा होता, कोणत्या संस्थेचा ते लिहिलेले नव्हते. असा ससा माझी पुतणीही काढते.

म्हणून आधी ससा नको, डबीची मागची बाजू वाचा. उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी. आमच्या दोन पॅलेटवर घटकांची यादीच नव्हती. ते आम्ही बाजूला ठेवले, नवरीच्या गालावर लावायचे नाहीत असे ठरवले. माळकरी बायांसाठी एक वेगळी सूचना. यादीत 'कार्माइन' किंवा 'सी. आय. ७५४७०' असेल तर तो लाल रंग किडे वाळवून, कुटून काढलेला असतो. सशाचे चिन्ह असलेल्या डबीतही तो असू शकतो.

आणि यादीत जवळजवळ प्रत्येक वेळी भेटते ते 'मायका', 'सी. आय. ७७०१९'. म्हणजे आपले अभ्रक. हायलायटरची सगळी चमक त्याची. पापुद्रे सोलून, दळून त्याची पूड करतात. ते बरेचसे येते झारखंडच्या कोडरमा, गिरिडीह आणि बिहारच्या नवादा भागातून. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या अनेक खाणी बंद पडल्या, पण गावांना दुसरा रोजगार मिळाला नाही. मग बाया आणि पोरे सोडून दिलेल्या खाणींच्या बिळांत शिरून अभ्रकाचे तुकडे वेचू लागली. तिथे त्याला ढिबरा म्हणतात. किलोमागे काही रुपये देऊन दलाल तो उचलतो, आणि पुढे कोणत्या बिळातला माल कोणत्या डबीत गेला याचा माग उरत नाही. रॉयटर्सच्या पत्रकारांनी २०१६ मध्ये शोध घेतला तेव्हा दोन महिन्यांत किमान सात मुले अशा खाणींत दगावल्याचे आणि ते दडपले गेल्याचे उघड झाले. २०१७ मध्ये काही कंपन्या आणि संस्थांनी मिळून पॅरिसमध्ये 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' स्थापन केला. काम सुरू आहे, पण डबीवर त्याची काही खूण आपल्याला दिसत नाही.

हे मी गटात वाचून दाखवले तेव्हा लहानपणी खडीवर काम केलेली एक आक्का म्हणाली, "ससा सोडला म्हणं. मग पोरगं कसं काय घावलं त्यांना?"

कोडरमा लांबचे वाटते. पण दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णा-कोयनाकाठच्या फडांत उतरतात, आणि त्यांची पोरे शाळा सोडून वाढे गोळा करताना आपण रस्त्यावरून जाता-येता पाहतो. साखरेच्या पोत्यावरही ते लिहिलेले नसते.

मग अभ्रक असलेले सगळेच टाकायचे का? माझे मत, नाही. आपण घेणे थांबवले तर दलालाचे काही जात नाही, ढिबरा वेचणाऱ्या बाईची मात्र त्या दिवसाची चूल विझते. कारखान्यात बनवलेले कृत्रिम अभ्रकही आता मिळते, ज्यांना हवे त्यांनी यादीत 'सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट' शोधावे. त्याने आपला गाल निर्धोक होतो, गिरिडीहच्या बाईची मजुरी वाढत नाही. तिला हवा आहे खाणीचा परवाना, रास्त भाव आणि पोरांसाठी शाळा.

आमच्या गटाने चार कंपन्यांना पत्रे लिहिली. त्यात एकच प्रश्न घातला : तुमच्या पॅलेटमधले अभ्रक कोणत्या जिल्ह्यातून, कोणाकडून येते आणि वेचणाऱ्या माणसाला किलोमागे किती मिळतात? दोघांचे उत्तर आले. एकाने आपण सर्व कायदे पाळतो असे कळवले, दुसऱ्याने सशाचे प्रमाणपत्र पाठवले. आम्ही दोघांनाही पुन्हा लिहिले आहे.

पत्राचा मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. पार्लरवाल्या मैत्रिणींनी आपापल्या पॅलेटवरचा पत्ता घालून तो गटाच्या नावाने पाठवावा, पोचपावती जपून ठेवावी. उत्तर आले तर आम्हाला कळवा, नाही आले तरी महिन्याभराने कळवा. आणि काल आणलेले ते दोन विटकरी रंगाचे पॅलेट तिथेच आहेत, ज्यांना लावून पाहायचे त्यांनी कापूस आपापला वापरावा.