विंचवाचे बिऱ्हाड आणि तंबूतील पहिली रात्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी प्रसंगी मोठ्या विषयावर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज एका लहानशा विषयाला हात घालणार आहोत. लहान मुलांना घेऊन उघड्यावर, तंबूत काढलेली पहिली रात्र, हा तो विषय. घरापासून दूर राहणाऱ्या आपणा सर्वांना तो जिव्हाळ्याचा वाटेल असा भरवसा आहे.

मराठी माणूस घर सोडावयास राजी नसतो, असा एक प्रवाद आहे. आपली भाषा मात्र तशी साक्ष देत नाही. पाल, राहुटी, डेरा, तंबू, शामियाना असे किती शब्द तिने जपले आहेत! आपण तळ ठोकतो, मुक्काम हलवतो आणि वेळ आली की गाशा गुंडाळतो. हा गाशा म्हणजे खोगिरावर घालावयाचे वस्त्र. घोडदळाच्या छावणीतला हा शब्द आज कारकुनाच्या तोंडीही सहज येतो. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या राहुट्या आजही पडतात आणि पहाटे उठतात.

आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या नोकराचे बिऱ्हाड तर विंचवासारखे पाठीवरच असते. आमची कन्या आठ वर्षांची होईपर्यंत तीन राज्यांतील तीन शाळा पाहून चुकली होती. ‘तुझे गाव कोणते?’ असे कोणी विचारले की ती सरकारी वसाहतीचे नाव सांगे. ऐकणारे हसत, आम्हां उभयतांच्या काळजाला मात्र ते लागे. मुले वाढत आहेत, पण आपले म्हणावे असे काही त्यांच्यापाशी आहे काय, हा प्रश्न आमच्या घरात वारंवार निघे.

२००१ साली आमची नेमणूक जबलपूरला होती. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पचमढीस जाण्याचे ठरविले. रेल्वेने पिपरिया आणि तेथून सुमारे पन्नास किलोमीटरचा घाटरस्ता. बरोबर आठ वर्षांची कन्या, चार वर्षांचे चिरंजीव, आमच्या सौ. आणि साठी उलटलेल्या मातोश्री. राखीव जंगलात मर्जीप्रमाणे तंबू ठोकता येत नाही, म्हणून एका विश्रामगृहाच्या आवारात रीतसर परवानगी घेऊन आम्ही जागा मिळविली.

तंबू आम्ही उसना आणला होता. त्याचे शास्त्र आमच्या मातोश्रींना ठाऊक होते. त्या मूळच्या विदर्भातल्या. विदर्भातून हजारो भाविक महादेवाच्या यात्रेला पचमढीस येतात आणि खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. लहानपणी मातोश्रीही बैलगाडीने या यात्रेला आल्या होत्या आणि वाटेत पालाखाली निजल्या होत्या. तंबू पाहताच त्या म्हणाल्या, “हे तर आपलं पालच की रे!” आणि सूत्रे त्यांनी आपल्या हाती घेतली.

त्यांनी प्रथम जागेचा उतार पाहिला आणि डोकी चढाच्या बाजूस येतील अशी अंथरुणे योजली. थंडी वरून लागते त्याहून अधिक ती जमिनीतून चढते, म्हणून खाली वाळलेले गवत, त्यावर ताडपत्री, मग सतरंजी आणि जाड घोंगडी. फराळाचा डबा त्यांनी तंबूत ठेवू दिला नाही; वासाने जनावर येते. ऊब हवी म्हणून शेगडी आत घेण्याचा विचार सौ.नी बोलून दाखविताच त्यांनी तो मोडून काढला. बंद जागेत निखाऱ्यांचा विषारी वायू साचतो आणि झोपेतच माणूस दगावतो. हवेसाठी एक फटही त्यांनी उघडी ठेवविली.

मुलांनाही कामे वाटून दिली. कन्येने तणावे ताणून धरावयाचे आणि चिरंजीवांनी मेखा मोजून मोगरीवाल्याच्या, म्हणजे आमच्या, हाती द्यावयाच्या. मेखा वीस होत्या. तीन दगडांच्या चुलीवर पिठले शिजले, भाकऱ्या झाल्या.

अंधार पडला तसा चिरंजीवांचा धीर सुटला. “आपण घरी कधी जायचं?” म्हणून त्यांनी रडे मांडले. मातोश्रींनी त्यांना कुशीत घेतले आणि विचारले, “आई इथं, बाबा इथं, ताई इथं, मी इथं. मग घरी कोण आहे रे?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. ते विचार करता करता झोपी गेले.

ती १८ नोव्हेंबरची रात्र होती. सिंह राशीतून उल्कावर्षाव होणार असल्याचे वर्तमानपत्रांतून छापून आले होते. टेंपल-टटल हा धूमकेतू सुमारे तेहतीस वर्षांनी सूर्याजवळ येतो. त्याने मागे टाकलेल्या धुळीच्या पट्ट्यांतून पृथ्वी जाऊ लागली की उल्का पडतात. चंद्रकोर केव्हाच मावळली होती. मध्यरात्रीनंतर कन्येला उठविले आणि घोंगडीत गुंडाळून बाहेर आणले. एकामागून एक तेजोरेषा आकाश चिरीत जात होत्या. मोजता मोजता तिचे आकडे चुकू लागले आणि तिने मोजणे सोडून दिले. शेजारी मातोश्री हात जोडून बसल्या होत्या. तिघी-चौघांत कोणी बोलत नव्हते.

पुढे २००३ मध्ये पुन्हा बदली झाली. दारात ट्रक उभा राहिला आणि खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. पूर्वीच्या बदल्यांत कन्या कोपऱ्यात बसून रडे. या खेपेस तिने दोरखंड धरला आणि चिरंजीव विचारीत होते, “बाबा, खोकी मी मोजू?” पचमढीच्या रात्रीने काय दिले, ते आम्हांस त्या दिवशी समजले. घर म्हणजे भिंती नव्हेत. वाटून घेतलेली कामे आणि एकमेकांचा सहवास, एवढे बरोबर असले की कोठेही घर उभे राहते. मातोश्री आज नाहीत, परंतु त्यांचे पालाचे शास्त्र तिसऱ्या पिढीच्या हाती सुखरूप पोहोचले आहे.

या मंडळाच्या संस्थापकांनीही पन्नास वर्षांपूर्वी परमुलखात असाच तळ ठोकला आणि येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्यात जागा दिली. आमची विनंती एवढीच की, मंडळाने दर हिवाळ्यात निदान एक रात्र कुटुंबांचे शिबिर भरवावे. त्यात आजी-आजोबांना आग्रहाने न्यावे आणि चार वर्षांच्या मुलालाही काम द्यावे. तो धूमकेतू २०३१ मध्ये पुन्हा सूर्यापाशी येणार आहे. तोपर्यंत आपली मुले मेखा ठोकावयास शिकलेली असावीत, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.